पट्टी न सोडता

जावळी तालुक्यात मेढ्याच्या आसपास भातलावणी सुरू झाली की पाय दिवसभर चिखलात. त्यात मधुमेह असलेल्या माणसाच्या टाचेला जखम झाली, तर ती चिघळतेय हे दुखण्यावरून कळेलच असं नाही. नसाच बधिर झालेल्या असतात. मग रोज पट्टी सोडून बघायचं, आणि चिकटलेल्या कापसाबरोबर नुकती धरलेली कोवळी कातडीही निघते!

आतली खबर पट्टीनेच द्यावी म्हणून कार्बनचे लवचीक सेन्सर तयार होताहेत. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातली पिवळसर तपकिरी, उष्णता सोसणारी चिकटपट्टी आठवा. ती पॉलिइमाइडची. या प्लास्टिकवर लेसर फिरवला की तेवढी रेघ काळी, सच्छिद्र होते, तेच ग्राफीन, म्हणजे कार्बनचंच एक रूप. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने हे दाखवलं. काजळीच म्हणा ना, पण वीज वाहणारी.

त्या रेघेवर पॉलिअ‍ॅनिलिनचा थर दिला की जखमेतल्या स्रावाच्या सामूनुसार (पीएच) व्होल्टेज बदलतं. निरोगी कातडीचा सामू ५ च्या आसपास. रेंगाळलेल्या जखमेत तो ७ च्या वर चढतो. मात्र स्रावात भिजून सेन्सरचं माप हळूहळू सरकतं, म्हणून बरंचसं काम अजून प्रयोगशाळेतच आहे. जावळीच्या पावसात पट्टी कोरडी ठेवणं, हे तर वेगळंच प्रकरण.