सेकंदाला ७५ निर्णय

२०१३ साली केटीएम ३९० ड्यूक बाजारात आली, ती बजाज ऑटोच्या चाकणच्या कारखान्यातून. तिचं इंजिन एका सिलिंडरचं, ३७३ सीसीचं. पिस्टनचा व्यास ८९ मिलिमीटर आणि त्याची वर-खाली धाव फक्त ६०. धाव आखूड असल्यामुळे हे इंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्या लीलया मारतं. मोटरसायकलसाठी घडवलेल्या या इंजिनाला पुढे आणखी एक घर मिळालं. देशभरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतले विद्यार्थी फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांसाठी एकआसनी रेसिंग कार स्वतःच्या हातांनी बांधतात आणि त्यांतल्या कित्येक गाड्यांमध्ये चालकाच्या पाठीमागे हेच इंजिन असतं. निगडीच्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगचा क्रेटॉस रेसिंग हा संघही अशा स्पर्धांसाठी गाड्या बांधत आला आहे.

इंजिन मोटरसायकलवरून उतरून कारमध्ये चढलं, की त्याच्या मूळ संगणकाचं, म्हणजे ईसीयूचं, गणित कोलमडतं. मग बाजारातून दुसरा ईसीयू आणावा लागतो. तो कसा निवडायचा, हे समजून घ्यायला निघालं की इंजिनाच्या आत किती अचाट गोष्टी चालतात ते दिसू लागतं.

स्पर्धेचा एक नियम ऐकायला अगदी साधा आहे. पेट्रोल इंजिनात जाणारी सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच गोल भोकातून गेली पाहिजे. दहा रुपयांचं नाणंसुद्धा त्यातून जाणार नाही. या भोकातली हवा ध्वनीच्या वेगाला पोचली, की मागून कितीही ओढ लावली तरी तिचं प्रमाण वाढत नाही. आदर्श स्थिती धरून हिशेब केला तर ही मर्यादा सेकंदाला सुमारे ७५ ग्रॅम येते.

आता इंजिनाची गरज पाहू. मिनिटाला ९,००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १५०. दर दोन फेऱ्यांत एकदा हवा आत घेतली जाते, म्हणजे सेकंदाला ७५ वेळा. बेरीज साधारण २८ लिटर हवा, वजनात ३३ ग्रॅमच्या आसपास. मग भोक पुरेसं आहे की! सरासरीला पुरेसं आहे खरं, पण एका सिलिंडरचं इंजिन हवा सरासरीनं घेत नाही. त्याचा इनटेक व्हॉल्व्ह एकूण वेळेच्या जेमतेम एक तृतीयांश वेळ उघडा असतो. तेवढ्यात ते सेकंदाला १०० ग्रॅमच्या दरानं हवा मागतं आणि उरलेल्या वेळात अजिबात मागत नाही. म्हणून विद्यार्थी भोक आणि इंजिन यांच्यामध्ये हवेची एक टाकी बसवतात. तिला प्लेनम म्हणतात. भोकातून हवा सलग येत राहते, टाकीत साठते आणि व्हॉल्व्ह उघडला की झपकन आत शिरते. टाकी किती मोठी, पाइप किती लांब, यावर कुठल्या वेगाला सिलिंडर किती भरेल हे ठरतं. मूळ ईसीयूच्या स्मरणात मात्र मोटरसायकलच्या एअरबॉक्सचेच आकडे असतात.

हे आकडे किती बारकाईचे असतात? ९,००० फेऱ्यांना इंजिनाचं एक पूर्ण चक्र १३.३ मिलिसेकंदांत संपतं. तेवढ्यात ईसीयूला दोन गोष्टी ठरवायच्या असतात : पेट्रोल किती आणि ठिणगी केव्हा. पेट्रोल लागतं सुमारे ३५ मिलिग्रॅम. ते मोजण्याचा उपाय एकच, इंजेक्टर ठरावीक वेळ उघडा ठेवणं. पण इंजेक्टरला वीज मिळाल्यापासून तो प्रत्यक्ष उघडेपर्यंत साधारण एक मिलिसेकंद वाया जातो आणि बॅटरीचा व्होल्टेज उतरला की हा वेळ वाढतो. म्हणून चांगला ईसीयू बॅटरीचा व्होल्टेज सतत पाहतो आणि तेवढी भर इंजेक्टरच्या वेळेत घालतो.

ठिणगीचं काम याहून नाजूक. पेट्रोलचा भडका क्षणात उडत नाही. ज्योतीला ८९ मिलिमीटर रुंद पिस्टनवरून पसरायला वेळ लागतो. म्हणून पिस्टन वर पोचण्याआधीच ठिणगी पाडायची, म्हणजे सगळ्यात जास्त दाब पिस्टन खाली निघाल्यावर लगेच मिळतो. ९,००० फेऱ्यांना क्रँक एक अंश फिरतो तो १८.५ मायक्रोसेकंदांत. ठिणगी पाच अंश चुकली, तर चूक सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढीही होत नाही. पण ती लवकरच्या बाजूला गेली तर नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा अवेळी स्फोट, सुरू होतं आणि पिस्टन फुटू शकतो.

पिस्टन नेमका कुठे आहे, हे ईसीयूला कोण सांगतं? क्रँकसोबत फिरणारं एक दातेरी चाक. त्यातला एखाददुसरा दात मुद्दाम गाळलेला असतो. सेन्सरसमोरून दात सरकतात, मध्येच मोकळी जागा येते आणि त्या एका खुणेवरून ईसीयूला क्रँकचा कोन कळतो. बऱ्याच मोटारींत ६० दातांच्या जागा आणि त्यांतले दोन गाळलेले, अशी रचना असते. म्हणून निवडीचा पहिला प्रश्न हाच : तुमच्या इंजिनाच्या चाकाची रचना हा ईसीयू वाचतो का? वाचत नसेल, तर बाकीची यादी पाहण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रश्न : आत किती हवा गेली हे ईसीयू कशावरून ओळखणार? चाकणशी नातं असलेल्या दोन इंजिनांची उत्तरं इथे अगदी उलटी येतात. एका सिलिंडरच्या ३९० मध्ये प्रत्येक चक्राला इनटेकमधला दाब जोरात खाली-वर होतो. तो कधी मोजला यावर आकडा बदलतो. म्हणून अशा इंजिनाचं ट्यूनिंग बहुधा थ्रॉटल किती उघडा आहे आणि फेऱ्या किती आहेत, यांवरच करतात. दुसरं उदाहरण फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयचं. २०१३ सालची ही गाडी चाकणच्याच कारखान्यातली, १.२ लिटर टर्बो, १०५ पीएसची. टर्बोमध्ये थ्रॉटल तेवढाच उघडा असताना दाब मात्र कमी-जास्त असू शकतो, म्हणून तिथे इनटेकचा दाब मोजल्याशिवाय गत्यंतर नाही. शिवाय या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये, शंभर बारहून जास्त दाबानं फवारलं जातं. तसे इंजेक्टर चालवायची ताकद प्रत्येक ईसीयूत नसते. त्यातच मूळ ईसीयू सात गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्सशी सतत बोलत असतो. तो काढून टाकला तर गिअरबॉक्सलाही उत्तर देणारं कुणी उरत नाही.

यातून निवडीचे तीन मार्ग निघतात. मूळ ईसीयू तसाच ठेवून त्यातले आकडे बदलणं, म्हणजे रीमॅप. पोलोसारख्या गाडीला हाच शहाणपणाचा. दुसरा पिगीबॅक : मूळ ईसीयू आणि इंजिन यांच्या मध्ये बसून आज्ञांमध्ये थोडी दुरुस्ती करणारा. बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचा पॉवरट्रॉनिक याच जातीचा. मोटरसायकलवर थोडाफार बदल केला असेल तर तो पुरतो. तिसरा स्टँडअलोन, म्हणजे सगळा कारभार हातात घेणारा. ऑस्ट्रेलियाचे मोटेक आणि हॅल्टेक, न्यूझीलंडचा लिंक, पोलंडचा ईसीयूमास्टर ही यातली नावाजलेली नावं. हात घालून शिकायचं असेल तर स्पीडुइनो हा सगळ्यांसाठी खुला प्रकल्प आहे. तो आर्डुइनो बोर्डावर चालतो. २० मिलिमीटरच्या भोकामागे बसलेल्या ३९० ला स्टँडअलोनच हवा.

स्टँडअलोनच्या आत मुख्य गोष्ट असते ती एक तक्ता. एका बाजूला फेऱ्या, दुसऱ्या बाजूला थ्रॉटल. १६ गुणिले १६ धरले तर २५६ घरं, आणि प्रत्येक घरात एक आकडा. इंजिन दोन घरांच्या मधोमध असेल तर ईसीयू आजूबाजूच्या आकड्यांवरून मधला काढतो. ही घरं डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, एकेका वेगाला इंजिन रोखून धरून, भरावी लागतात. एक्झॉस्टमधला वाइडबँड सेन्सर मिश्रण पातळ आहे की दाट ते दाखवतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते. आपल्याकडच्या इथेनॉलमिश्रित ई२० इंधनात हे प्रमाण साडेतेराच्या आसपास उतरतं. जुन्या पेट्रोलवर भरलेला तक्ता ई२० वर पातळ मिश्रण देतो आणि पूर्ण जोरावर पातळ मिश्रण पिस्टनला धोक्याचं. म्हणून इंधनाचं प्रमाण बदललं तर सावरून घेणारा, सगळे आकडे नोंदवून ठेवणारा आणि तेलाचा दाब पडताच इंजिन थांबवणारा ईसीयू दोन पैसे जास्त देऊन घ्यावा.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे सगळं ट्रॅकसाठी आहे. रस्त्यावरच्या गाडीत कंपनीच्या मूळ नोंदींशी न जुळणारे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं. शिवाय १ एप्रिल २०२० पासून लागू झालेली बीएस६ मानकं मूळ ईसीयूच्या हिशेबावरच पाळली जातात.

ईसीयू घ्यायला निघालात, तर दुकानात जाण्याआधी कागदावर पाच गोष्टी लिहा : दातेरी चाकाची रचना, इंजेक्टरचा प्रकार, हवा मोजण्याची पद्धत, इंधन, आणि तक्ता भरून देणारा माणूस. पाचवं नाव ठरलं नसेल तर अजून काहीही विकत घेऊ नका. जो ईसीयू तुमच्या ट्यूनरच्या हाताला सरावाचा आहे, तोच तुमच्या इंजिनासाठी सगळ्यात चांगला. महागड्या खोक्यातला रिकामा तक्ता इंजिन बिघडवतो आणि साध्या खोक्यातला नीट भरलेला तक्ता शर्यत पूर्ण करून देतो.