जवळचा माणूस आणि लायक माणूस : अलेक्झांडर लाब्झिनची गोष्ट

आज ज्याच्याविषयी बोलायचं आहे त्याचं नाव आपल्याकडे सहसा कुणी ऐकलेलं नसतं. रशियातसुद्धा बहुतेकांना तो एका विनोदापुरताच माहीत आहे. अलेक्झांडर फ्योदोरोविच लाब्झिन. जन्म १७६६, मॉस्कोमध्ये. सेंट पीटर्सबर्गच्या इम्पीरियल कला अकादमीत तो आधी कॉन्फरन्स सेक्रेटरी होता, म्हणजे साधारण आपल्या विद्यापीठातल्या कुलसचिवासारखा, आणि पुढे उपाध्यक्ष झाला. शिवाय लेखक, अनुवादक, संपादक. तो विनोद मी सांगणारच आहे, पण थोडा थांबून. कारण विनोद करणारा माणूस कोण होता हे कळल्याशिवाय त्या विनोदाचं वजन कळत नाही.

मॉस्को विद्यापीठात शिकत असताना तो प्राध्यापक श्वार्त्स यांच्या प्रभावाखाली आला. हे श्वार्त्स आणि प्रकाशक नोविकोव्ह म्हणजे त्या काळच्या रशियन फ्रीमेसन मंडळींचे दोन खांब. फ्रीमेसन म्हटलं की आपल्याला काहीतरी गूढ, बंद दाराआडचं कारस्थान वाटतं. या मंडळींचा खरा उद्योग होता पुस्तकं छापणं, तरुणांना शिकवणं आणि स्वतःच्या मनाची साफसफाई करणं. याच काळात लाब्झिनने बोमार्शेच्या फिगारोच्या लग्नाच्या नाटकाचं रशियन भाषांतर केलं, ते १७८७ साली प्रसिद्ध झालं. मूळ नाटक पॅरिसच्या रंगमंचावर येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. त्यात एक नोकर आपल्या सरदार मालकाला सगळ्यांदेखत निरुत्तर करतो. हे ध्यानात असू द्या.

पुढे टपाल खातं, मग परराष्ट्र खातं, अशी सरकारी नोकरी. १७९९ मध्ये तो कला अकादमीत आला. नेवा नदीच्या काठावर, वासिल्येव्स्की बेटावर अकादमीची ती प्रचंड इमारत आजही उभी आहे. त्याच बेटावर जानेवारी १८०० मध्ये त्याने आपली गुप्त मेसन शाखा सुरू केली, नाव 'मरणोन्मुख स्फिंक्स'. (अकादमीसमोर इजिप्तहून आणलेले दोन दगडी स्फिंक्स दिसतात ना, ते १८३४ मध्ये बसवलेले. त्यांचा या नावाशी काही संबंध नाही. लोक उगीच जोडतात.) चित्रकार बोरोविकोव्स्की या शाखेत होता, वास्तुविशारद वित्बेर्गही होता. म्हणजे अकादमीच्या सचिवाच्या घरी कलेपेक्षा आत्म्याच्या मुक्तीची चर्चा जास्त होत असणार. युंग-श्टिलिंग आणि एकार्ट्सहाउझेन या जर्मन गूढवाद्यांची पुस्तकं लाब्झिनने रशियन वाचकांपुढे आणली.

१८०६ मध्ये त्याने 'सियोन्स्की वेस्तनिक' नावाचं मासिक काढलं. चर्चच्या विधींपेक्षा माणसाच्या अंतःकरणातला धर्म खरा, असा त्याचा रोख. आपल्याला हे नवं नाही, आपल्या संतांनी ते कितीतरी आधी सांगून ठेवलंय. पण तिथल्या धर्मपीठाला ते मानवलं नाही. नऊ अंक निघाले आणि मासिक बंद पडलं. अकरा वर्षांनी, १८१७ मध्ये, ते पुन्हा सुरू झालं. कसं? तर झार अलेक्झांडर पहिला स्वतःच धार्मिक झाला होता आणि त्याचा बालमित्र प्रिन्स गोलित्सिन धर्म आणि शिक्षण सांभाळत होता. त्याचा वरदहस्त मिळाला. आध्यात्मिक पुस्तकं प्रसिद्ध केल्याबद्दल लाब्झिनला सरकारी सन्मानही मिळाला. १८१८ मध्ये तो अकादमीचा उपाध्यक्ष झाला. आणि त्याच वर्षी वारं फिरलं, मासिक धर्मपीठाच्या सेन्सॉरखाली गेलं आणि लाब्झिनने ते बंद केलं.

इथे मला थोडं रेंगाळायचं आहे. लाब्झिनला सत्तेबाहेरचा बंडखोर समजू नका. स्वभावाने तो हेकेखोर, आपल्या शिष्यांवर हुकूम चालवणारा. मासिक पुन्हा निघालं ते दरबाराशी असलेल्या जवळिकीमुळे. म्हणजे जवळीक काय देते आणि काय काढून घेते, हे त्याला अंगानेच माहीत होतं.

आता ती बैठक. सप्टेंबर १८२२. आदल्याच महिन्यात झारने मेसन शाखांवर आणि सगळ्या गुप्त मंडळांवर बंदी घातली होती. अकादमीत 'मानद कलारसिक' म्हणून काही मोठ्या लोकांना निवडण्याची प्रथा होती. अशांच्या ओळखीचा आणि पैशाचा संस्थेला उपयोग होतो, हे तर आपण सगळेच जाणतो. त्या दिवशी नावं आली तीन : अराक्चेयेव्ह, अर्थमंत्री गूर्येव्ह आणि गृहमंत्री कोचुबेय. समित्यांवर मीही पुरेशी वर्षं काढली आहेत. अशा ठरावाच्या वेळी कुणी प्रश्न विचारत नाही, चहा कधी येतो याकडे लक्ष असतं. लाब्झिनने विचारलं, यांनी कलेसाठी केलंय काय? उत्तर मिळालं की ही माणसं सम्राटाच्या जवळची आहेत. त्यावर लाब्झिन म्हणाला, मग मी इल्या बाइकोव्हचं नाव सुचवतो. बाइकोव्ह हा झारचा गाडीवान. जवळचाच माणूस हवा असेल, तर तो रोज सम्राटाच्या अगदी पुढ्यात बसतो.

आपल्या न्यायशास्त्रात लक्षणाचा एक दोष सांगितलाय, अतिव्याप्ती. शिंगं असलेला प्राणी म्हणजे गाय असं म्हटलंत, की म्हैसही गाय ठरते. लाब्झिनने तेच केलं. तुमची कसोटी मी मान्य करतो म्हणाला, आणि ती लावून दाखवली. त्याने कुणाला शिवी दिली नाही, झारविरुद्ध एक शब्द काढला नाही. म्हणूनच त्याला उत्तर नव्हतं. गाडीवान नको म्हणायचं तर जवळीक ही पात्रता नाही असं कबूल करावं लागतं, आणि मग तिन्ही नावं गळतात. शिवाय वर्गाचा फणा आहेच : गाडीवान हा गुलामांच्या देशातला साधा माणूस, आणि त्याला मंत्र्यांच्या ओळीत बसवलं. पस्तीस वर्षांपूर्वी भाषांतरित केलेला फिगारो त्या वेळी त्याच्या मनात होता की नाही, कोण जाणे. माझ्या मनात मात्र तो येतोच.

राजधानीचा गव्हर्नर-जनरल मिलोरादोविच याने ही बातमी झारपर्यंत पोचवली. झार त्या वेळी व्हेरोनाच्या परिषदेला इटलीत गेला होता. तिथून हुकूम आला : नोकरीतून बडतर्फ, राजधानीतून हद्दपार. खटला नाही, सुनावणी नाही. नोव्हेंबरमध्ये छप्पन्न वर्षांचा लाब्झिन पत्नीसह सेन्गिलेयला निघाला. व्होल्गाकाठचं सिम्बिर्स्क प्रांतातलं आडगाव ते. पुढच्या वर्षी सिम्बिर्स्क शहरात राहायची परवानगी मिळाली, आणि तिथेच जानेवारी १८२५ मध्ये तो वारला.

पत्नी आन्ना येव्दोकिमोव्हना हिच्याबद्दल दोन शब्द हवेतच. लाब्झिन तिचा दुसरा नवरा. पहिल्या नवऱ्याच्या घरी काढलेल्या यातनांच्या आठवणी तिने लिहून ठेवल्या आहेत. तिच्या नवऱ्याचे गूढवादी ग्रंथ आज अभ्यासकांखेरीज कुणी उघडत नाही, पण तिच्या आठवणी वाचल्या जातात.

त्याच १८२५ च्या नोव्हेंबरात झार तागानरोगला मरण पावला. शवयात्रेची गाडी हाकत दूर उत्तरेकडे घेऊन गेला तो हाच इल्या बाइकोव्ह. आणि डिसेंबरमध्ये सेनेट चौकातल्या उठावात मिलोरादोविच गोळी लागून मेला.

राहिला प्रश्न, ही गोष्ट आपल्यापर्यंत पोचली कशी? बैठकीचा बोभाटा तेव्हाच झाला होता. पण ती वाचकांत पसरवणारा मुख्य माणूस म्हणजे अलेक्झांडर हर्झन. लाब्झिनचा शिष्य वित्बेर्ग पुढे स्वतःच व्यात्काला हद्दपार झाला, तिथे हर्झनही हद्दपारीत होता, दोघे एकाच घरात राहिले. हर्झनच्या आत्मचरित्रात हा प्रसंग येतो तो वित्बेर्गच्या प्रकरणात. गंमत अशी, की तिथे उमेदवार एकच उरतो, अराक्चेयेव्ह. लष्करी वसाहतींचा जुलूम ज्याच्या नावावर होता, तो. गूर्येव्ह आणि कोचुबेय सांगण्याच्या ओघात गळून गेले. लोकांना ज्याचा राग होता, त्याचंच नाव त्यांनी लक्षात ठेवलं.