ठेव आपली, कर्ज दुसऱ्याचं!

मैत्रिणींनो, 'बुडीत कर्ज' हे शब्द वर्तमानपत्रात दिसले, की आपण चटकन पान उलटतो. तो पुरुषमंडळींच्या चर्चेचा विषय, असं आपल्याला वाटतं. पण बँक कर्ज देते ते कुणाच्या पैशातून? तुमच्या-माझ्या ठेवींतूनच ना! मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले, सासूबाईंच्या औषधपाण्यासाठी बाजूला काढलेले, तेच हे पैसे.

कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून जास्त थकलं, की ते कर्ज 'अनुत्पादक' ठरतं. मग ते बुडेल या भीतीने बँकेला आपल्या नफ्यातून काही रक्कम बाजूला ठेवावी लागते. मार्च २०१८ मध्ये आपल्या देशातल्या बँकांच्या दर शंभर रुपये कर्जामागे सुमारे अकरा रुपये असे अडकले होते. पुढे वसुली झाली, काही कर्जं निर्लेखित झाली आणि मार्च २०२५ अखेर हा आकडा तीन रुपयांच्या आत आला. निर्लेखित म्हणजे माफ नव्हे हं! ते फक्त बँकेच्या वहीतून वजा होतं. कर्जदाराच्या डोक्यावर असतंच.

कर्ज कुणाला द्यावं, यापेक्षा एकालाच किती द्यावं, हे जास्त महत्त्वाचं. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचं बहुतेक कर्ज एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे गेलं होतं. सगळं धान्य एका कणगीत, आणि तिलाच कीड! सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती. ज्यांच्या घरी आजारपण होतं, त्यांचं काय झालं असेल?

म्हणून, संसारात आपण जी सावधगिरी बाळगतो, तीच इथे बाळगू या.

सगळी पुंजी एकाच बँकेत ठेवू नका. फेब्रुवारी २०२० पासून ठेवीचा विमा पाच लाख रुपयांपर्यंत आहे. तो एका बँकेतल्या एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज मिळून. एकाच बँकेच्या दोन शाखांत आपल्या नावे पैसे ठेवले, तरी मर्यादा तीच. सहकारी बँकांना हा विमा आहे, पण पतसंस्थांना नाही. तेव्हा जास्त व्याजाच्या पाटीला भुलण्याआधी ही संस्था बँक आहे की पतसंस्था, हे विचारा.

आणि शेवटचं, पण अगदी महत्त्वाचं. दीर किंवा भाचा 'वहिनी, नुसती सही हवी' असं म्हणत जामीनकीचा कागद पुढे करील. नाही म्हणणं जड जातं, खरंच! पण १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. त्याच्याकडे वसुली करून थकल्यावरच बँक आपल्या दारी येईल, असं नाही. ती थेटही येऊ शकते. सही करण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा : उद्या त्याने हप्ता भरला नाही, तर तो आपल्याला भरता येईल का?

उत्तर 'नाही' असेल, तर पेन खाली ठेवा. नातं चार दिवस रुसेल, पण घर तरी शाबूत राहील.