आमचे आडनाव पारसनीस



या वेळच्या भित्तिपत्रकात मी माझ्या आडनावाची माहिती लिहिणार आहे. कारण आपल्या शाळेच्या हजेरीपटात पाटील पुष्कळ आहेत, पण पारसनीस मी एकटीच आहे. मुले मला कधी पारशी म्हणून हाक मारतात. काहीजण विचारतात, "तुमच्या घरात परीस हाय का गं, लोखंडाचं सोनं करणारा?" आमच्या घरात परीस नाही. असता तर वडिलांनी घराचे पत्रे कधीच बदलले असते. पण आडनावाचा अर्थ मलाही नीट सांगता येईना. म्हणून मी आजोबांना व गुरुजींना विचारले आणि शाळेच्या कपाटातली पुस्तके पाहिली.

पारसनीस हा जोडशब्द आहे. पारसी आणि नवीस असे त्याचे दोन भाग. पारसी म्हणजे फारसी भाषा. ती इराण देशाची भाषा आहे. नवीस म्हणजे लिहिणारा, हा शब्दसुद्धा फारसीच. बोलता बोलता नवीसचा नीस झाला. फारसी पत्रे लिहिणारा आणि आलेली फारसी पत्रे वाचून सांगणारा जो कारकून, तो पारसनीस.

असे नीस आणखीही आहेत. चिठ्ठ्या म्हणजे पत्रे लिहिणारा तो चिटणीस. पोते म्हणजे खजिना, त्याचा हिशेब लिहिणारा तो पोतनीस. फडणीस हे आडनाव तर सर्वांना माहीत आहे. काही घराण्यांत तेच फडणवीस असे लिहितात. त्यात नवीस हा शब्द अजून पुरा दिसतो बघा.

आता कोणी म्हणेल, भाषा फारसी, मग आडनाव फारसनीस का नाही? तर त्याचे उत्तर असे. इराणमध्ये पार्स नावाचा एक प्रांत आहे. त्यावरून तिथल्या भाषेला पारसी म्हणत. पुढे सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकले. अरबी भाषेत प हे अक्षरच नाही. म्हणून पार्सचे फार्स झाले आणि पारसीची फारसी झाली. आमच्या आडनावात जुना प राहिला. पारशी लोकांचे नावही याच पार्स प्रांतावरून पडले. म्हणजे मला पारशी म्हणणारी मुले अगदीच काहीच्या बाही बोलत नाहीत. आम्ही पारशी नाही, पण दोन्ही शब्द एकाच गावचे आहेत.

इराणची भाषा आपल्याकडे कशाला लागत होती? पूर्वी विजापूरच्या आदिलशाहीत आणि दिल्लीच्या मोगलांच्या दरबारात फारसीत कारभार चाले. मराठ्यांचा कारभार मराठीत होता आणि तो मोडी लिपीत लिहीत. पण दिल्लीच्या बादशहाला किंवा हैदराबादच्या निजामाला पत्र धाडायचे तर फारसी लागे. तिकडून आलेले पत्र चुकीचे वाचले तर केवढा घोटाळा! म्हणून दरबारात भरवशाचा पारसनीस ठेवत.

शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला. तेव्हा महाराजांनी मंत्र्यांच्या पदांची फारसी नावे बदलून संस्कृत नावे दिली. मुजुमदाराला अमात्य, वाकनीसाला मंत्री, सुरनीसाला सचिव आणि डबीराला सुमंत म्हणू लागले. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द देणारा राज्यव्यवहारकोशही त्यांनी तयार करवून घेतला. तरी मुजुमदार, वाकनीस, डबीर ही आडनावे आजपर्यंत टिकली. आणि पुष्कळ शब्दही टिकले. आपण रोज पाठीला लावतो ते दप्तर, त्यातला कागद, गुरुजी घेतात ती हजेरी आणि उत्तर बरोबर आले की मिळते ती शाबासकी, हे सगळे फारसीतून आपल्याकडे आले आहे.

आता आमचे आडनाव इतके थोडे का, ते सांगते. हे मला सगळ्यात आवडले. जुन्या काळी गावोगाव एक पाटील असे आणि हिशेब लिहायला एक कुलकर्णी असे. गावे हजारो, म्हणून पाटील आणि कुलकर्णी हजारो झाले. अनेक गावांचा मिळून परगणा होई. त्यावर देशमुख आणि देशपांडे असत. ते पाटील-कुलकर्ण्यांपेक्षा कमी. पण गावात फारसी पत्रे कोण लिहिणार? ते काम फक्त दरबारात. दरबार मोजके, म्हणून पारसनीसही मोजके. जिथे कामाची माणसे जास्त, तिथे ते आडनाव जास्त. आजोबा म्हणाले, "आडनाव थोडं असलं म्हणून भारी होत नाही आणि पुष्कळ असलं म्हणून हलकं होत नाही."

कामामुळे जुने आडनाव मागे पडल्याचीही उदाहरणे आहेत. नाना फडणीसांचे खरे नाव बाळाजी जनार्दन भानू. ते १७४२ साली जन्मले आणि १८०० साली वारले. त्यांच्या घराण्याला फडणिशी मिळाली. मग भानू मागे राहिले आणि फडणीस पुढे आले. आपल्या जिल्ह्यात वाईजवळ मेणवलीला त्यांचा वाडा आहे.

पारसनीस आडनावाचे एक मोठे इतिहासकार साताऱ्यात होऊन गेले. त्यांचे नाव दत्तात्रय बळवंत पारसनीस. काळ १८७० ते १९२६. त्यांनी झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे चरित्र लिहिले, ते १८९४ साली छापले गेले. त्यांनी जुनी पत्रे, चित्रे व कागद जमवले. तो संग्रह पुढे १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात नेला. आडनाव कागद लिहिणाऱ्याचे आणि त्यांनी जन्मभर कागद सांभाळले!

पेशवाई १८१८ साली संपली. इंग्रजांनी १८३७ साली कचेऱ्यांतून फारसी काढली. पारसनिसाचे काम गेले, आडनाव राहिले. आमच्या घरात आता कोणालाच फारसी येत नाही. माझे वडील शेती करतात.

माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण लोहारांची आहे. ती म्हणाली, "तुमचं आडनाव दरबारातलं. आमचं आपलं भात्यापुढचं." मी तिला म्हणाले, "अगं, पत्र लिहून झालं तरी ते दिल्लीला जायला घोडा पाहिजे. घोड्याला नाल पाहिजे. तो कोण ठोकणार?" गुरुजी म्हणाले, बरोबर आहे. सुतार, कुंभार, लोहार, पारसनीस, सगळी आडनावे हातांनी कमावलेली आहेत.

शेवटी एक गोष्ट पालकांसाठी लिहिते. माझ्या एका कागदावर आमचे आडनाव 'परसनीस' असे पडले होते. एकच काना गेला. आई हसून म्हणाली, "परसनीस म्हणजे परसातल्या वेलांचा हिशेब लिहिणारा!" पण वडिलांना तो काना मिळवायला तालुक्याला दोन खेपा घालाव्या लागल्या. प्रतिज्ञापत्र करावे लागले आणि ऐन भांगलणीचे दोन दिवस मोडले. ज्यांचे कामच नीट लिहिणे होते, त्यांचेच आडनाव चुकीचे लिहिले गेले. म्हणून शाळेत नाव घालताना दाखल्यावरचे, आधार कार्डावरचे आणि शिधापत्रिकेवरचे नाव एकसारखे आहे का, ते काना-मात्रा धरून पाहावे. स्वतःला वाचता येत नसेल तर आम्हा मुलांकडून वाचून घ्यावे. आम्ही चौथीतली मुले वाचून दाखवू.

आणि वर्गमित्रांनो, तुम्हीपण आपल्या आजी-आजोबांना आपल्या आडनावाचा अर्थ विचारा. कोणाचे गावावरून असेल, कोणाचे कामावरून असेल. लिहून आणा. पुढच्या महिन्यात भित्तिपत्रकाची ही जागा तुमच्या आडनावांसाठी मोकळी ठेवायला गुरुजींनी कबूल केले आहे.

– कु. पारसनीस, इयत्ता ४ थी