कॉफीत धुतलेली फिल्म

फोटोची फिल्म धुण्याचे औषध घरी करता येते, असे सांगितले की लोक हसतात. ते कॉफीचे करतात म्हटले, की पुढच्या वेळी आपल्या घरी आल्यावर चहाच मागतात! पण यात चमत्कार काही नाही. फिल्मवर चांदीच्या क्षाराचे कण असतात. ज्या कणांवर प्रकाश पडतो, त्यांच्यावर न दिसणारा ठसा उमटतो. तेवढ्याच कणांची काळी चांदी करायची, हे डेव्हलपरचे काम. ते करणारी द्रव्ये वनस्पतींत पुष्कळ आहेत. इंग्लंडच्या टॅल्बटने 1841 मध्ये आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले, तिच्यात गॅलिक आम्ल होते. हे आम्ल मायफळातून मिळते; तेच मायफळ, जे आपल्याकडे बाळगुटीत उगाळतात.

घरी फिल्म धुणे हेही आपल्याला नवे नाही. दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा आणला, तेव्हा दादरच्या राहत्या घरी फिल्मला कडेची छिद्रे पाडण्याचे आणि ती धुण्याचे काम सरस्वतीबाई करीत. शिवाय मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच!

कॉफीची कृती मात्र अलीकडची. 1995 मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टरच्या तंत्रशास्त्र संस्थेत स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती करून दाखवली. काम करते ते कॉफीतील कॅफेइक आम्ल. तरतरी आणणाऱ्या कॅफीनचा येथे उपयोग नाही. पुढे हौशी लोकांनी तिच्यात क जीवनसत्त्वाची भर घातली, त्यामुळे जोर वाढला.

अर्धा लिटर पाण्याचे प्रमाण असे: धुण्याचा सोडा 27 ग्रॅम, क जीवनसत्त्वाची शुद्ध पूड 8 ग्रॅम आणि झटपट कॉफी 20 ग्रॅम. याच क्रमाने एकेक जिन्नस पूर्ण विरघळवावा. पाणी 20 अंश, वेळ 15 मिनिटे. सोडा कोरडा, पुडीचा हवा; खड्यांच्या सोड्यात पाणीच फार असते. खाण्याचा सोडा चालत नाही, पण तो तव्यावर चांगला तापवला की त्याचा धुण्याचा सोडा होतो. चघळण्याच्या गोळ्या घेऊ नयेत. त्यांत साखर आणि रंग असतो.

साताऱ्याच्या घरी मी एकाच फिल्मचे दोन तुकडे करून पाहिले. चिकोरी घातलेल्या कॉफीत धुतलेला फिका आला, निव्वळ कॉफीतला ठसठशीत. कॉफी जितकी स्वस्त आणि कडवट, तितकी बरी! वासाबद्दल मात्र न बोललेले बरे. सौ.ने माझे भांडे, मोजपात्र आणि चमचा तिन्हींवर लाल रंगाची फुली मारून ती न्हाणीघरात हद्दपार केली आहेत. ते योग्यच झाले; ही भांडी पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नयेत.

एवढी तालीम मी केली ती सांगलीच्या मामांसाठी. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी त्यांच्या घरात शिरले आणि भिंतीवरचे, कपाटातले सगळे फोटो गेले. माळ्यावरच्या ट्रंकेत एक रोल तेवढा वाचला. 1964 साली मित्राच्या बॉक्स कॅमेऱ्याने मामांनी तो काढला होता. धुवायला टाकण्यापूर्वीच त्यांची धाकटी बहीण तापाने गेली, आणि मग तो रोल कोणी हातात घेतला नाही. ही माझी मावशी मी पाहिलेली नाही. आता तिचे एकही चित्र उरले नव्हते.

मामा रोल घराबाहेर द्यायला तयार नव्हते. “जे व्हायचं ते माझ्यासमोर होऊ दे,” म्हणाले. तेव्हा पुड्या बांधून मीच सांगलीला गेलो. वैशाखात तेथे नळाचे पाणीही कोमट. परातीत बर्फ घालून, तीत भांडे ठेवून ते 20 अंशांवर आणले. रात्री दिवे मालवून, गोधडीखाली हात घालून रोल डब्यात चढवला. पंधरा मिनिटे मामा घड्याळ धरून बसले होते.

शेवटी हायपो. त्याला स्वयंपाकघरात पर्याय नाही. हर्शेलने 1839 मध्ये सांगितलेले हे औषध विकतच आणावे. वापरलेल्या हायपोत चांदी उतरते, म्हणून ते विहिरीत किंवा झाडांना ओतू नये.

आठांपैकी पाच चित्रे धुरकटून गेली होती. तीन आली. एकात घाटाच्या पायरीवर दोन वेण्यांची मुलगी, डोळ्यांवर हात धरून उभी. मोबाइलवर उलटवून दाखवली, तेव्हा मामा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “हिला ऊन सोसायचं नाही रे.”

दिवाळीची झाडलोट चालू असेल. माळ्यावर असा एखादा रोल सापडला, तर तो उजेडात उलगडून पाहू नका. कोरड्या, थंड जागी ठेवा. घरी धुण्याची हौस असेल, तर आधी दोन-चार नव्या फिल्म खर्ची घाला. हात बसू द्या. नवी फिल्म दुकानात मिळते. जुन्या रोलला संधी एकदाच असते.