पथ्य सांगणारा शिकलेला हवा

मंडळी, गावात कुणी अंथरुणाला खिळलं की भेटायला जाणारा रिकाम्या हातानं जात नाही. शहाळं नेतो. मन चांगलंच असतं त्याचं. पण समजा, त्या रोग्याची मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर. निरोगी माणसाची मूत्रपिंडं जादा पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकतात. याला ते साधत नाही. रक्तात ते साचत गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, प्रसंगी थांबतातही.

‘मग खायचं तरी काय?’ असं घरची माणसं विचारतात. याचं उत्तर देणारा तो आहारतज्ज्ञ. ती सांगते (बहुधा मुलीच या कामात असतात, मुलांनाही मनाई नाही), बटाटा बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकडा नि ते पाणी फेकून द्या. पोटॅशियम बरंचसं पाण्यात उतरतं. डाळ, अंडी ती मोजूनमापून देते. पुढे डायलिसिस सुरू झालं, की त्याच रोग्याला प्रथिनं वाढवून द्यावी लागतात, कारण त्या उपचारात ती शरीरातून जातात. काल वर्ज्य ते आज औषध! त्यातच मधुमेह असला तर हिशेब आणखी अवघड.

एखाद्या मुलीचे वडील म्हणतात, ‘चुलीपुढचं काम, त्याला पाच-सहा वर्षं कशाला?’ तर ती यासाठी. बी.एस्सी.नंतर पोषणशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं. त्यात जीवरसायनशास्त्र येतं, शरीरक्रियाशास्त्र येतं, एकेका रोगातला आहार येतो. मग काही महिने रुग्णालयात उमेदवारी. तिथं खरं शिक्षण होतं, कारण पुस्तकातला रोगी सांगितलेलं सगळं खातो, खाटेवरचा खात नाही. शेवटी इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा. ही संस्था १९६३ सालची. उत्तीर्ण झालेल्याला नोंदणीकृत आहारतज्ज्ञ म्हणतात.

हे पदव्युत्तर शिक्षण मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात मिळतं. हैदराबादेत राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूरला सुरू झालेलं हे काम १९५८ मध्ये तिथं आलं. या संस्थेनं २०१७ साली ५२८ भारतीय खाद्यपदार्थांतल्या पोषकद्रव्यांचे तक्ते छापले. आपल्या नाचणीचा चुना त्यात पाहावा: शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर, आणि पांढऱ्या तांदळात दहासुद्धा नाही.

गुरुजी, बाई, तुमच्याकडे एक काम आहे. दहावीनंतर रसायनशास्त्राच्या धास्तीनं विज्ञान सोडणारी हुशार मुलगी दिसली, तर तिला ही वाट आधी दाखवा. मागाहून वळणं जड जातं. दोन-चार महिन्यांच्या वर्गाचं प्रमाणपत्र भिंतीवर शोभतं, पण त्यावर या परीक्षेला बसता येत नाही. आणि आजाऱ्याला घेऊन सल्ल्याला गेलात, तर ‘आपली नोंदणी आहे का?’ असं खुशाल विचारा. शिकलेल्या माणसाला त्याचा राग येत नाही.