स्थानिक खूनप्रकरणांवरील पॉडकास्ट आणि श्रोत्यांचा प्रतिसाद : एक विवेचन

प्रास्ताविक

गुन्ह्याची सत्यकथा ऐकण्याची व वाचण्याची ओढ नवी नाही. मराठी वाचकाला ‘पोलीस टाइम्स’सारखे साप्ताहिक आणि दूरदर्शनवरील ‘एक शून्य शून्य’ ही मालिका परिचित आहे. अमेरिकेत ट्रूमन कपोट यांच्या १९६६ साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘इन कोल्ड ब्लड’ या ग्रंथाने कॅन्सस राज्यातील एका कुटुंबाच्या हत्येची हकिकत जगभर पोहोचवली. एकविसाव्या शतकात या परंपरेला पॉडकास्ट हे नवे माध्यम लाभले. ‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ साली वापरात आला. इंटरनेटवरून भागाभागांनी प्रसारित होणारा आणि श्रोत्याने आपल्या सवडीने ऐकावयाचा ध्वनिकार्यक्रम, असे त्याचे ढोबळ स्वरूप आहे.

अशा कार्यक्रमांचा श्रोता सामान्यतः करमणुकीचा ग्राहक मानला जातो. त्याला भीती का आवडते, त्याचे कुतूहल कशाने चाळवते, याच दिशेने बहुधा चर्चा होते. तथापि एखाद्या गावात घडलेल्या खुनाची हकिकत त्याच गावातील माणसे ऐकू लागतात तेव्हा हा दृष्टिकोन अपुरा पडतो. श्रोता घटनास्थळापासून किती दूर आहे यावर त्याच्या प्रतिसादाचे स्वरूप अवलंबून असते. दूरच्या श्रोत्याला जे कोडे वाटते तेच जवळच्या श्रोत्याची आठवण असते, आणि मृताच्या आप्तांसाठी तो न संपलेला शोक असतो. या तिन्ही प्रतिसादांचा न्यायप्रक्रियेवर प्रत्यक्ष परिणाम होतो. प्रस्तुत लेखात अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील तीन प्रकरणांच्या आधारे या मुद्द्याचे विवेचन केले आहे.

जवळचा श्रोता : सॅन लुईस ओबिस्पो

कॅलिफोर्निया राज्यातील सॅन लुईस ओबिस्पो येथील पॉलिटेक्निक विद्यापीठात पहिल्या वर्षात शिकणारी क्रिस्टिन स्मार्ट ही १९ वर्षांची विद्यार्थिनी २५ मे १९९६ च्या पहाटे एका मेजवानीहून वसतिगृहाकडे परतत असताना नाहीशी झाली. तिच्यासोबत शेवटी दिसलेला पॉल फ्लोरेस हा सहविद्यार्थी आरंभापासून संशयित होता. परंतु मृतदेह सापडला नाही आणि पुरेसा पुरावा उभा राहिला नाही. २००२ साली क्रिस्टिनला कायद्याने मृत घोषित करण्यात आले. तिचे छायाचित्र असलेला फलक मात्र त्या परिसरातील रस्त्याच्या कडेला वर्षानुवर्षे उभा होता.

त्याच भागात लहानाचे मोठे झालेले आणि हा फलक पाहत आलेले ख्रिस लॅम्बर्ट यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये ‘युवर ओन बॅकयार्ड’ हा पॉडकास्ट सुरू केला. ‘तुमचेच परसदार’ असा शीर्षकाचा अर्थ आहे. लॅम्बर्ट हे व्यवसायाने संगीतकार होते. पत्रकारितेचा किंवा पोलीस तपासाचा अनुभव त्यांच्यापाशी नव्हता. त्यांच्या श्रोत्यांमध्ये मात्र त्या काळचे विद्यार्थी, शेजारी आणि परिचित होते. एवढी वर्षे गप्प राहिलेली माणसे आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट सांगण्यास पुढे आली. पॉडकास्टमुळे नवे साक्षीदार मिळाल्याचे तेथील शेरीफने जाहीरपणे मान्य केले. एप्रिल २०२१ मध्ये पॉल फ्लोरेसला अटक झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ज्युरीने त्याला खुनाबद्दल दोषी ठरवले आणि मार्च २०२३ मध्ये त्याला २५ वर्षे ते आजन्म अशी कारावासाची शिक्षा झाली. मृतदेह लपवण्यास मदत केल्याच्या आरोपातून त्याच्या वडिलांची स्वतंत्र ज्युरीने निर्दोष मुक्तता केली.

येथे श्रोत्याचा प्रतिसाद स्मरणाच्या स्वरूपाचा आहे. लोक इतकी वर्षे का बोलले नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. आपल्याला माहीत असलेली बाब क्षुल्लक आहे, पोलिसांना ती आधीच ठाऊक असणार, असे मानून अनेक माणसे गप्प राहतात. घटनाक्रम सलग कानावर पडला म्हणजे आपल्या तुटक आठवणीची जागा त्यात कोठे आहे हे त्यांना उमगते. शिवाय पोलीस ठाण्याची पायरी चढण्यापेक्षा आपल्याच भागातील माणसाशी बोलणे सोपे जाते. स्थानिक पॉडकास्टचे खरे सामर्थ्य या दोन गोष्टींत आहे.

तथापि याच यशाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. प्रकरणाला मिळालेल्या प्रसिद्धीमुळे स्थानिक रहिवाशांतून निःपक्षपाती ज्युरी निवडता येणार नाही, या कारणास्तव खटला शेजारच्या माँटेरे काउंटीत हलवावा लागला. ज्या गावाने साक्षीदार पुरवले त्याच गावाला निवाड्याच्या कामापासून दूर ठेवावे लागले.

स्मरण आणि निवाडा : सिडनी

हाच पेच ऑस्ट्रेलियात अधिक तीव्रपणे समोर आला. लिनेट डॉसन या दोन मुलींच्या आई जानेवारी १९८२ मध्ये सिडनीच्या उत्तर किनारपट्टीवरील बेव्ह्यू येथील घरातून नाहीशा झाल्या. पती ख्रिस डॉसन हा माजी रग्बी खेळाडू व शिक्षक होता. २००१ व २००३ साली झालेल्या दोन मृत्युचौकशांत त्याच्यावर खटला भरण्याइतका पुरावा असल्याचे मत व्यक्त झाले. तरीही सरकारी अभियोग विभागाने खटला भरला नाही. २०१८ मध्ये ‘द ऑस्ट्रेलियन’ या दैनिकाचे पत्रकार हेडली थॉमस यांनी ‘द टीचर्स पेट’ या पॉडकास्टद्वारे हे प्रकरण पुन्हा चर्चेत आणले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डॉसनला अटक झाली.

श्रोत्यांचा प्रतिसाद एवढ्यावर थांबला नाही. त्या भागातील शाळांमधून शिक्षकांनी विद्यार्थिनींचे केलेले लैंगिक शोषण हा विषय उघडपणे बोलला जाऊ लागला आणि पोलिसांना त्यासाठी स्वतंत्र तपास पथक नेमावे लागले. म्हणजेच एका खुनाची हकिकत ऐकताना अनेक स्त्रियांना स्वतःच्या शाळकरी वयातील अनुभवाचा अर्थ नव्याने लागला. एका गुन्ह्याच्या निमित्ताने समाजाने आपल्या जुन्या मौनाकडे पाहावे, हा प्रतिसाद करमणुकीच्या कोणत्याही व्याख्येत बसणारा नाही.

परंतु खटल्याच्या दृष्टीने हीच प्रसिद्धी अडचणीची ठरली. एप्रिल २०१९ मध्ये हा पॉडकास्ट ऑस्ट्रेलियातील श्रोत्यांसाठी मागे घेण्यात आला. २०२० मध्ये न्यायालयाने प्रसिद्धीचा प्रभाव ओसरावा म्हणून खटल्यास नऊ महिन्यांची तात्पुरती स्थगिती दिली. अखेर २०२२ मध्ये ज्युरीविना, केवळ न्यायाधीशांपुढे सुनावणी झाली. न्यायमूर्ती इयन हॅरिसन यांनी ३० ऑगस्ट २०२२ रोजी डॉसनला दोषी ठरवले. पुढे त्याला २४ वर्षांची शिक्षा झाली आणि जून २०२४ मध्ये त्याचे अपील फेटाळण्यात आले.

आरोपीच्या वकिलांचा एक आक्षेप विशेष विचार करण्याजोगा होता. साक्षीदारांनी पॉडकास्ट ऐकला असेल तर ते स्वतः पाहिलेले सांगत आहेत की ऐकलेले, हे कसे ठरवावयाचे? या आक्षेपाला मानसशास्त्राचा आधार आहे. एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची चित्रफीत दाखवून प्रश्न विचारले. काहींना मोटारी एकमेकींवर ‘आपटल्या’ तेव्हा वेग किती होता असे विचारले, तर काहींना ‘धडकल्या’ असा सौम्य शब्द वापरून विचारले. आठवड्याने फुटलेली काच पाहिली काय, असा प्रश्न केला असता पहिल्या गटातील ५० पैकी १६ जणांनी, तर दुसऱ्या गटातील ५० पैकी ७ जणांनी होकार दिला. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. एका क्रियापदाने स्मृतीत एवढा फरक पडत असेल, तर अनेक भागांच्या, पार्श्वसंगीतासह ऐकवलेल्या कथनाने किती पडेल, याचा अंदाज करता येतो. जवळच्या श्रोत्याची आठवण जागी करणारे माध्यम तीच आठवण बदलूही शकते.

दूरचा श्रोता : बाल्टिमोर

तिसरे प्रकरण या प्रकारच्या पॉडकास्टना जागतिक लोकप्रियता मिळवून देणाऱ्या ‘सीरियल’चे आहे. मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर परिसरातील हे मिन ली ही शाळकरी मुलगी १३ जानेवारी १९९९ रोजी बेपत्ता झाली व पुढील महिन्यात लीकिन पार्क येथे तिचा मृतदेह सापडला. तिचा पूर्वीचा मित्र अदनान सय्यद याला २००० साली दोषी ठरवून आजन्म कारावास देण्यात आला. पत्रकार सारा केनिग यांनी ऑक्टोबर २०१४ पासून हे प्रकरण दर आठवड्याला एक भाग याप्रमाणे सादर केले.

‘सीरियल’चा बहुसंख्य श्रोतृवर्ग बाल्टिमोरबाहेरचा होता. त्याच्यापाशी आठवण नव्हती, तर्क होता. दोन भागांमधील आठवडाभराच्या अवकाशात श्रोत्यांनी नकाशे पाहिले, दूरध्वनीच्या नोंदी तपासल्या आणि प्रकरणातील सामान्य माणसांविषयी तर्कवितर्क केले. जवळच्या श्रोत्याचे उदाहरणही येथे आहे. सय्यदला घटनेच्या दिवशी शाळेजवळच्या ग्रंथालयात पाहिल्याचे सांगणाऱ्या एका शाळासोबतिणीला आपल्या माहितीचे महत्त्व या कार्यक्रमामुळे नव्याने जाणवले. तिने जानेवारी २०१५ मध्ये नवे प्रतिज्ञापत्र दिले व २०१६ मध्ये न्यायालयात साक्ष दिली. हजारो श्रोत्यांचे तर्क एका बाजूला आणि एका व्यक्तीची प्रत्यक्ष माहिती दुसऱ्या बाजूला, असा हा फरक आहे.

मृताचे आप्त

हे मिन ली हिच्या कुटुंबाने ‘सीरियल’मध्ये भाग घेतला नव्हता. कार्यक्रम सुरू असतानाच तिच्या भावाने, इतरांसाठी ही रहस्यकथा असली तरी आपल्या कुटुंबाने ती प्रत्यक्ष भोगलेली आहे, अशा आशयाची भावना जाहीरपणे व्यक्त केली. याउलट क्रिस्टिन स्मार्टच्या कुटुंबाने लॅम्बर्ट यांना सहकार्य केले. दोन्ही कार्यक्रमांतील नैतिक अंतर या एका बाबीतून स्पष्ट होते.

बाल्टिमोरच्या प्रकरणात आप्तांचा हा प्रश्न पुढे थेट कायद्याचा प्रश्न बनला. सप्टेंबर २०२२ मध्ये सय्यदची दोषसिद्धी रद्द होऊन तो तुरुंगाबाहेर आला. त्या सुनावणीची पुरेशी पूर्वसूचना मृत मुलीच्या भावाला मिळाली नव्हती, या कारणाने मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायालयाने दोषसिद्धी पुन्हा लागू केली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी तो निर्णय कायम ठेवला. मार्च २०२५ मध्ये सय्यदची शिक्षा भोगलेल्या कालावधीपुरती कमी करण्यात आली. दोषसिद्धी मात्र कायम राहिली. ज्या कुटुंबाचा आवाज कथनात ऐकू आला नव्हता, त्याचे ऐकून घेतले पाहिजे असे न्यायालयाला सांगावे लागले, ही बाब लक्षणीय आहे.

भारतीय संदर्भ

या प्रश्नाची ओळख मुंबईला पॉडकास्टच्या कितीतरी आधी झाली होती. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू उचलून धरली आणि शहरातील जनमत त्यांच्या बाजूने झुकले. ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांनी तो कौल न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाने दिलेली जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये कायम केली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरी पद्धतीला स्थान उरले नाही. त्यामुळे ज्युरी प्रभावित होण्याचा धोका आज भारतात नाही. साक्षीदार आणि तपास यंत्रणा प्रभावित होण्याचा धोका मात्र आहेच. माध्यमांनी समांतर खटला चालवणे हा न्यायदानातील हस्तक्षेप ठरू शकतो, हे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मधील निर्णयात स्पष्ट केले आहे. तसेच बलात्कार पीडितेची ओळख उघड करण्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार मनाई आहे. आपल्या भागातील प्रकरणावर ध्वनिकार्यक्रम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना या मर्यादा ठाऊक असणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१) स्थानिक खूनप्रकरणाच्या पॉडकास्टचा श्रोता हा केवळ ग्राहक नसून संभाव्य साक्षीदार असतो. सॅन लुईस ओबिस्पो येथील तपासाला गती मिळाली ती श्रोत्यांच्या तर्कामुळे नव्हे, तर त्यांच्या माहितीमुळे.

२) कथन आठवण जागवते त्याचप्रमाणे ती बदलूही शकते. यास्तव ज्याला काही ठाऊक आहे त्याने ते आधी तपास यंत्रणेकडे नोंदवावे आणि निर्मात्यांनी तसे आवर्जून सुचवावे, हे दोघांच्याही हिताचे आहे.

३) न्यायालयाच्या दृष्टीने श्रोत्यांची संख्या हा गुण नाही. सिडनी येथे खटला लांबला आणि ज्युरी वगळावी लागली, ही प्रसिद्धीची किंमत होती.

४) मृताच्या आप्तांचा सहभाग किंवा नकार हा कार्यक्रमाच्या मूल्यमापनाचा पहिला निकष असावा.

महाविद्यालयांतून माध्यमशिक्षण, समाजशास्त्र व विधी या विषयांच्या अध्यापनात अशा कार्यक्रमांचा उपयोग करता येईल. विद्यार्थ्यांना ‘खुनी कोण?’ हा प्रश्न आपोआप पडतो. त्यासाठी शिक्षकाची गरज नाही. ही हकिकत कोणाच्या संमतीने सांगितली गेली, ती ऐकणाऱ्यांपैकी उद्या साक्ष कोणाला द्यावी लागेल आणि मृताच्या घरी ती कशी ऐकली गेली असेल, हे प्रश्न मात्र वर्गात मुद्दाम विचारावे लागतील.